ठरावातले पाणी नळाला कधी येणार?

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. २१ डिसेंबरला निकाल लागला, गुलाल उधळला गेला, डीजेच्या भिंती वाजल्या, आणि आमच्या वस्त्यांतूनही मिरवणुका निघाल्या. आमचे लोक कुणी रिपब्लिकनच्या या गटातून, कुणी त्या गटातून, कुणी वंचितकडून, कुणी बसपकडून उभे होते. आणि राखीव जागांवरचे बरेचसे प्रस्थापित पक्षांच्या चिन्हावर. कोण पडले, कोणी पाडले, कोणी कुणाची मते खाल्ली, यावर आमच्याकडे महिनोन् महिने चर्चा चालते. आम्हाला त्यावर लिहायचे नाही. त्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत बाया हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या होत्या, त्यावर लिहायचे आहे. निवडणूक पाच वर्षांतून एकदा येते, तीही वेळेवर आली तर. नगरपरिषदेचा कारभार मात्र रोज चालतो, आणि त्या रोजच्या कारभारात आम्ही कुठे असतो, हा प्रश्न आंबेडकरी जनतेने स्वतःला क्वचितच विचारला आहे.

नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाप्रमाणे दर दोन महिन्यांत एक साधारण सभा व्हावी लागते. सभेची सूचना सात दिवस आधी निघते, सोबत विषयपत्रिका असते. पहिला विषय वर्षानुवर्षे तोच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणी नाही, कायम मात्र सगळे करतात. शेवटचा विषयही तोच: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. या दोहोंच्या मध्ये घंटागाडीच्या ठेक्याला मुदतवाढ, आठवडी बाजाराच्या वसुलीचा लिलाव, व्यापारी गाळ्यांचे भाडे, पथदिव्यांची खरेदी, डासांची फवारणी, एखाद्या ले-आऊटमधला रस्ता ताब्यात घेणे, स्मशानभूमीची शेड असे पंधरा-वीस विषय असतात. स्मशानभूमीच्या शेडचा विषय आला की कोणत्या समाजाची स्मशानभूमी, हे कागदावर लिहिलेले नसले तरी सभागृहात सर्वांना ठाऊक असते. विषय वाचला जातो, दोघे-तिघे हात वर करतात, एक सूचक, एक अनुमोदक, आणि इतिवृत्तात वाक्य उमटते: साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर. चर्चा अर्ध्या मिनिटाची असली तरी ती साधकबाधकच असते!

आम्ही ज्या तालुक्याच्या गावी वकिली करतो तेथील नगरपरिषदेकडून काही काळापूर्वी आम्ही माहितीच्या अधिकारात सहा वर्षांची इतिवृत्ते मागवली. मिळवायला पहिले अपील करावे लागले, तो भाग वेगळा. कागदांचा गठ्ठा घरी आणून आम्ही फक्त एका वस्तीचे नाव शोधत गेलो. तेथील पिण्याच्या पाण्याची जुनी वाहिनी उघड्या नाल्यातून गेलेली आहे. ती जागोजागी गंजली आहे, नळाच्या पाण्याला वास येतो, पावसाळ्यात लेकरांना जुलाब लागतात, म्हणून लोक टँकरचे पाणी भरतात. ही वाहिनी बदलणे आणि दोन सार्वजनिक नळकोंडाळी बांधणे, एवढे ते काम. ते काम त्या सहा वर्षांत तीन वेळा मंजूर झालेले आढळले! पहिल्यांदा सर्वानुमते. दुसऱ्यांदाही सर्वानुमते, फक्त सूचक-अनुमोदक वेगळे. तिसऱ्यांदा नगरसेवकांची मुदत संपली होती, म्हणून प्रशासकाने एकट्यानेच ठराव केला. तिसऱ्या ठरावात आधीच्या दोन ठरावांचा उल्लेख नाही. दुसऱ्यात पहिल्याचा नाही. जणू दर वेळी ही वस्ती त्यांना नव्यानेच सापडत होती.

हे कागद वाचताना आम्हाला महाड आठवले. सत्याग्रहाच्या आधीची तीन वर्षे आठवली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला की चवदार तळे अस्पृश्यांना वापरण्यास हरकत नाही. ठराव चांगला होता. महाडला सगळेच जातदांडगे होते असे नाही. महाडचे नगराध्यक्षपद भूषवलेले सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे लोक पुढे बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, हे कृतज्ञतेने नोंदवलेच पाहिजे. पण ठराव झाल्यावर काय झाले? काहीच झाले नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळे सवर्णांच्या ताब्यात राहिले. ठराव रद्द करा असे म्हणण्याची कुणाला गरजच पडली नाही, कारण त्या ठरावाने कुणाचे काही बिघडतच नव्हते. कागदावरचा हक्क कुणाला बोचत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. ज्या गावचे तळे नगरपालिकेच्या ठरावाने खुले होते त्या गावात परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले! त्या काळचे चाळीस रुपये. २० मार्चला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि ठराव प्रथमच अमलात आला. नगरपालिकेच्या एकाही शिपायाने, एकाही कारकुनाने जे काम तीन वर्षांत केले नव्हते ते त्या लोकांनी ओंजळीने केले. पुढचा इतिहास वाचकांना पाठ आहे: मंदिरात घुसणार अशी अफवा, परतणाऱ्या लोकांवर हल्ले, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून तळ्याचे तथाकथित शुद्धीकरण.

पण त्याच्या पुढची एक तारीख आम्हाला पाठ नाही. ४ ऑगस्ट १९२७. त्या दिवशी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांचा ठराव झाला त्याच तारखेला, बरोबर चार वर्षांनी. तीन वर्षे ज्या ठरावाकडे कुणी ढुंकून पाहिले नव्हते तो लोकांनी वापरताच नकोसा झाला. लाठी नाही, दगड नाही, फक्त सभेत एक विषय, एक सूचक, एक अनुमोदक. २० मार्चला आम्ही लाखांनी महाडला जातो, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो, ट्रक-बसगाड्या भरून परत येतो, आणि जाणे आवश्यकच आहे. मात्र ज्या सभागृहात ते पाणी आधी दिले गेले आणि मग काढून घेतले गेले, तसले सभागृह आमच्या प्रत्येकाच्या गावात आहे. तेथे दर दोन महिन्यांनी सभा भरते, आणि तेथे आमच्यापैकी कुणी जात नाही.

त्या एका रद्द ठरावाची किंमत केवढी मोजावी लागली तेही लक्षात घेतले पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला जागा देण्यास कुणी तयार नव्हते. फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्यावर पुन्हा जाण्याचे मात्र बाबासाहेबांनी लोकांना समजावून थांबवले, कारण न्यायालयाचा हुकूम होता. जमलेल्या सत्याग्रहींचा उत्साह आवरणे सोपे नव्हते. ते बाबासाहेबच करू जाणोत. मग सुरू झाला खटला. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात, तेथून उच्च न्यायालयात. तळे खासगी नाही, ते नगरपालिकेकडे आहे, आणि अनादी काळापासूनची रूढी म्हणून जी सांगितली जाते ती सिद्ध झालेली नाही, हे ठरायला १७ मार्च १९३७ उजाडला. न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालाने ते प्रकरण संपले. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

वकील म्हणून आम्हाला त्या खटल्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याची भीक मागितली नाही, आणि ते पाणी पवित्र आहे की अपवित्र या वादातही त्यांनी खटला अडकू दिला नाही. तळे कुणाचे? नगरपालिकेचे. नगरपालिका कुणाची? गावात राहणाऱ्या सर्वांची. इतका साधा तो प्रश्न होता. आज आमच्या वस्तीतल्या नळाच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे, फक्त आज समोर कुणी सोवळे नेसून उभा नाही. समोर फाइल आहे.

फाइलचा हा प्रवास समजून घेतल्याशिवाय आमचे ठराव का मरतात ते कळणार नाही. सभेत ठराव झाला म्हणजे काम झाले असा आमच्या लोकांचा समज असतो. नगरसेवक वस्तीत येऊन सांगतो, मंजूर झाले, लोक टाळ्या वाजवतात, बॅनर लागतो. प्रत्यक्षात ठराव ही फाइलची पहिली पायरी आहे. त्यानंतर अभियंत्याने जागेवर येऊन मोजमाप घ्यायचे, कामाचे अंदाजपत्रक करायचे, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक. या प्रत्येक पायरीवर फाइल बसू शकते, आणि ती का बसली हे विचारणारा माणूस नसेल तर ती बसतेच. आम्ही पाहिलेल्या तीन ठरावांपैकी पहिल्याचे अंदाजपत्रकच तयार झाले नव्हते. दुसऱ्याची निविदा निघाली, पण प्रतिसाद नाही असा शेरा मारून फाइल बंद झाली. फेरनिविदा कुणी काढली नाही. तिसऱ्याच्या वेळी निधी शिल्लक नव्हता. अभियंत्याची फाइल, लेखापालाची नोंद, मुख्याधिकाऱ्यांची सही, सगळे नियमात. कुणीही जातीवरून एक शब्द उच्चारला नाही. तरीही त्याच सहा वर्षांत बाजारपेठेतला रस्ता दोनदा काँक्रीटचा झाला.

निधी शिल्लक नव्हता, या उत्तरावर थोडे थांबले पाहिजे. दुर्बल घटकांसाठी नगरपरिषदेने आपल्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम राखून ठेवायची असते. अंदाजपत्रकात ती दर वर्षी दिसते. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होते, तेव्हा आकडा छापला जातो. मार्चअखेर त्यातला मोठा भाग अखर्चित राहतो किंवा वस्तीच्या नावाने भलतीकडे खर्च पडतो. आम्ही ज्या नगरपरिषदेबद्दल लिहीत आहोत तेथे या शीर्षातून एका रस्त्याचे काम झाले. तो रस्ता वस्तीच्या तोंडाशी सुरू होतो आणि एका गोदामाच्या फाटकाशी संपतो. वस्तीत आत जात नाही. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने नागरी वस्ती सुधारणेची योजना आहे, तिचेही प्रस्ताव नगरपरिषदेनेच पाठवायचे असतात. प्रस्ताव गेला नाही तर निधी येत नाही, आणि निधी आला नाही म्हणून काम नाही, असे कारण पुन्हा नगरपरिषदच सांगते. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय होता, आमच्या लोकांनी त्याचे स्वागत केले. आमच्या येथेही पाटी बदलली. नव्या पाटीखालून जाणारा नाला मात्र जुनाच आहे.

आता त्याच विषयपत्रिकेतल्या दुसऱ्या एका ओळीकडे वळू. घनकचरा संकलनाच्या ठेक्यास मुदतवाढ देणे. सभागृहात या विषयावर कधी चर्चा झालीच तर ती ठेकेदार कुणाचा यावर होते. गाडीच्या मागे लोंबकळणारी माणसे कुणाची, यावर होत नाही. कायम सफाई कामगार निवृत्त होतात, मरतात. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे वारसाला नोकरी मिळावी म्हणून घरची माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात. आकृतिबंधातली पदे रिकामी राहतात आणि काम ठेक्यावर जाते. ठेक्यावरच्या माणसाला किमान वेतन मिळते का, त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हातमोजे आणि गमबूट मिळतात का, हे मूळ मालक म्हणून पाहणे नगरपरिषदेची जबाबदारी आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा आणि पुनर्वसनाची हमी देणारा कायदा २०१३ सालचा. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख केली. कायदा आहे, निकाल आहेत. पण ज्या सभेत या कामाचा ठेका मंजूर होतो त्या सभेच्या ठरावात कामगार हा शब्द आम्हाला शोधूनही सापडला नाही. बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगारांची संघटना स्वतः उभी केली होती. आमच्या किती तालुका शाखांना आपल्या गावात किती सफाई कामगार ठेक्यावर आहेत, हा आकडा माहीत आहे?

दोष सगळा समोरच्याचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. म्हणून आमच्याबद्दलही बोलले पाहिजे.

७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. कलम २४३-टी ने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या. कलम २४३-यू ने सांगितले की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक झालीच पाहिजे. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या, म्हणजे २०२१ च्या अखेरीस मुदत संपत आली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट लागू केली, त्यातून वाद, अध्यादेश, आयोग, तारखा सुरू झाल्या, आणि शेवटी ६ मे २०२५ च्या आदेशानंतर निवडणुकांचा मार्ग मोकळा झाला. जवळजवळ चार वर्षे नगरपरिषदांत प्रशासक बसले. सूचक नाही, अनुमोदक नाही, प्रश्न नाही, विषय मंजूर! या चार वर्षांत आमच्या चळवळीने काय केले? ते भांडण ओबीसींचे आहे असे समजून आम्ही बाजूला बसलो. ओबीसी बांधवांच्या जागांसाठी आम्ही रस्त्यावर यायला हवे होते, हा एक भाग. दुसरा भाग असा की त्याच चार वर्षांत २४३-टी खालच्या आमच्याही जागा रिकाम्या होत्या, आणि त्याची साधी जाणीवही आमच्या सभा-संमेलनांत दिसली नाही.

आणि जेव्हा नगरसेवक असतात, तेव्हा? राखीव जागेवर निवडून आलेला आमचा माणूस ज्या पक्षाच्या चिन्हावर आला त्या पक्षाच्या गटनेत्याकडे पाहून हात वर करतो. पुढच्या वेळी आरक्षण फिरते, प्रभाग खुला होतो, उमेदवारी जाते. त्यामुळे पाच वर्षांत जे पदरात पडेल ते पाडून घ्यावे, अशी वृत्ती होते. आम्ही लोकही त्याच्याकडे काय मागतो? प्रवेशद्वाराची कमान मागतो, जयंतीची वर्गणी मागतो, पुतळ्याभोवती ग्रॅनाइट मागतो. पुतळा स्वच्छ, सुंदर असलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण कमानीचा ठराव एका सभेत होऊन तीन महिन्यांत कमान उभी राहते आणि पाण्याची वाहिनी सहा वर्षे उभी राहत नाही, तेव्हा समोरच्याला आमची नाडी बरोबर सापडली आहे असे समजावे. कमानीचे उद्घाटन होते, फोटो छापून येतो. जमिनीखालच्या वाहिनीचे उद्घाटन कोण करणार?

निम्म्या जागांवर आता महिला येतात. त्यांच्याऐवजी पतिराज सभागृहाच्या दारात उभे राहून इशारे करतात, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि त्यावर विनोद करणेही आता शिळे झाले. पण आम्ही दुसरे चित्रही पाहिले आहे. प्रशासक येण्याआधीची गोष्ट. राखीव प्रभागातून आलेल्या आमच्या एक भगिनी, दहावीपर्यंत शिकलेल्या, शिवणकाम करणाऱ्या. पहिल्या वर्षभर त्या काही बोलल्या नाहीत. मग एका सभेत पहिला विषय पुकारला गेला तसे उठून म्हणाल्या, "साहेब, इतिवृत्त वाचा, मग कायम करू."

सभागृहात हशा झाला. मुख्याधिकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, सगळे वाचायचे तर दोन तास जातील."

"जाऊ द्या. आमच्या बाया टँकरसाठी तीन तास उभ्या राहतात."

वाचावे लागले. वाचता वाचता असे निघाले की मागील सभेत ज्यावर चर्चाच झाली नव्हती असा एक खरेदीचा विषय ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला आहे, आणि त्याच्या अनुमोदक म्हणून याच बाईंचे नाव लिहिलेले आहे! त्यांनी लेखी विरोध नोंदवला, जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्या खरेदीचे पुढे काय झाले ही लांबलचक कथा आहे, पण त्या दिवसापासून त्या सभागृहात त्यांच्या नावाने कुणी परस्पर अनुमोदन लिहिले नाही. पुढच्या निवडणुकीत प्रभाग खुला झाला आणि त्यांना कुणीही तिकीट दिले नाही. आमच्यापैकी कुणालाही त्याचे फारसे वाईट वाटल्याचे दिसले नाही, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटतो.

काय करता येते, हे आता सांगितले पाहिजे, कारण नुसता संताप आमच्याकडे भरपूर आहे. नगरपरिषदेची सभा जनतेसाठी खुली असते. जाऊन बसता येते. कुणाची परवानगी, कुणाची ओळख लागत नाही. अपवादात्मक विषय असेल तेव्हाच बाहेर जायला सांगता येते. विषयपत्रिका, इतिवृत्त, मोजमाप पुस्तिका, निविदेची फाइल, हे सगळे २००५ च्या माहिती अधिकारात मागता येते. पैसे नाहीत असे उत्तर आले तर रतलामचा निकाल दाखवावा. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका वॉर्डातले लोक उघडी गटारे आणि दुर्गंधीने त्रासून दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते. नगरपालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली की आमच्याकडे पैसा नाही. १९८० साली न्या. कृष्णा अय्यर यांनी ते म्हणणे फेटाळले. निधीची सबब पुढे करून नगरपालिकेला आपल्या मूळ कर्तव्यातून सुटता येत नाही, असे ठरले. तो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. अर्जाला मोठा खर्च नाही. वस्तीतल्या लोकांच्या सह्या, फोटो, दवाखान्याचे कागद, पाण्याच्या तपासणीचा अहवाल एवढे जमवले की अर्ज उभा राहतो.

आम्ही तो अर्ज २०२४ च्या अखेरीस केला. गंमत अशी की ज्या उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा तेच त्या वेळी नगरपरिषदेचे प्रशासक होते. म्हणजे साहेबांनी साहेबांनाच नोटीस काढायची! आम्ही ही अडचण तोंडी न सांगता अर्जातच लिहून दिली आणि तीन ठरावांच्या प्रमाणित प्रती जोडल्या. पहिल्या तारखेला साहेब त्या प्रती बराच वेळ चाळत होते. त्यांनी अभियंत्याला विचारले, "हे एकच काम आहे?" अभियंता म्हणाला, "हो साहेब." "मग तीन ठराव कशाला?" यावर अभियंत्याने काही उत्तर दिले नाही. दुसऱ्या तारखेला अंदाजपत्रक सादर झाले. ते सहा वर्षांत झाले नव्हते.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या साधारण सभेला आमच्यातले सात जण जाऊन बसले. दोन निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या चार बाया आणि आम्ही. प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या बाकांवर सभेच्या खुर्च्यांची जुनी आवरणे रचून ठेवली होती. ती उचलून खाली ठेवावी लागली. शिपायाने येऊन विचारले, "आपले काही निवेदन आहे का? निवेदन असेल तर आवकमध्ये द्या." निवेदन नाही, सभा ऐकायची आहे, असे सांगितल्यावर तो आत गेला, कुणाला तरी विचारून आला आणि काही न बोलता पंखा लावून गेला. पहिला विषय पुकारला गेला. नव्या नगराध्यक्षांनी सवयीने कायम, कायम असे म्हटले, मग मागच्या बाकांकडे पाहिले आणि इतिवृत्तातील पहिली दोन पाने वाचायला सांगितली. वाहिनीचा विषय अकराव्या क्रमांकावर होता. निविदा स्वीकृतीचा. तो मंजूर झाला. त्यानंतर नाल्याच्या एका बाजूने चर खणून झाला आहे. पाइप अजून आलेले नाहीत. पुढच्या सभेची सूचना निघाली की बचत गटाच्या बाया आम्हाला फोन करणार आहेत. विषयपत्रिकेची प्रत आता त्याच आवक-जावक कारकुनाकडून मागून आणतात.